पाणी कमी करू नका, स्वच्छतागृह मागा

घरातील ज्येष्ठ व्यक्ती बाहेर जाणे टाळू लागली, की आपण त्याचे कारण कधी गुडघ्यांत शोधतो, कधी डोळ्यांत. तर कधी ‘आता वय झाले, पूर्वीचा उत्साह राहिला नाही’ असे म्हणून विषय संपवतो. एक कारण मात्र कोणी विचारत नाही आणि ती व्यक्ती आपणहून सांगत नाही. वाटेत लघवीला लागली तर जायचे कुठे, हे ते कारण होय. लग्नाला जायचे नाही, कारण कार्यालयातले स्वच्छतागृह जिना चढून वर आहे. देवदर्शनाला जायचे नाही, कारण एसटी मध्ये कुठे थांबेल याचा भरवसा नाही. सकाळी फिरायला जायचे, तर पाण्याचा घोटही न घेता. हा संकोच हळूहळू सवयीत मुरतो आणि ती सवय आजारांना वाट करून देते.

ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ या वयोगटाला निम्मे तिकीट पडते. पैशांची अडचण त्यामुळे बरीच दूर झाली. परंतु बसस्थानकावर, बाजारात, उद्यानात वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसेल, तर ही सवलत मिळूनही माणूस घरीच बसतो. म्हणून घराबाहेरचे स्वच्छतागृह हा नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा विषय तर आहेच. तितकाच तो आपल्या कुटुंबाच्या आरोग्याचा विषय आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांनी त्याचा विचार करू.

वयाबरोबर मूत्राशयही बदलते

निरोगी प्रौढ व्यक्तीचे मूत्राशय साधारणपणे ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी साठवू शकते, आणि चोवीस तासांत सहा ते आठ वेळा लघवीला जाणे स्वाभाविक समजले जाते. वय वाढते तशी मूत्राशयाची लवचीकता कमी होते. त्याचे स्नायू कधी कधी पूर्ण भरण्यापूर्वीच आकुंचन पावू लागतात, तर कधी ते पुरते रिकामे होत नाही. सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे लघवीची जाणीव झाल्यापासून ती होईपर्यंत हाती असणारा अवधी घटतो. तरुण माणूस ‘घरी गेल्यावर पाहू’ असे म्हणू शकतो. सत्तरीतल्या अनेकांच्या हाती काही मिनिटेच असतात.

पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथीची वाढ ही नेहमीची बाब आहे. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत ती आढळते आणि पुढे हे प्रमाण वाढत जाते. धार बारीक होणे, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे, रात्री उठावे लागणे ही तिची लक्षणे. स्त्रियांमध्ये बाळंतपणे आणि रजोनिवृत्तीनंतरचे बदल यांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होतात. खोकताना, शिंकताना, जिना चढताना थोडी लघवी होऊन जाते. मधुमेह आटोक्यात नसेल तर लघवीचे प्रमाण वाढते. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर तिचा परिणाम पुढचे काही तास जाणवतो. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या व्यक्तीला लघवीची घाई लागते आणि पाय मात्र हळू उचलतात. गुडघे झिजले असतील तर उकिडवे बसता येत नाही, आणि बसलेच तर उठता येत नाही.

यांपैकी एकही गोष्ट लाजिरवाणी नाही आणि बहुतेक तक्रारींवर उपचार आहेत. तरीही ‘या वयात हे असायचेच’ असे समजून असंख्य ज्येष्ठ डॉक्टरांपाशी हा विषय काढत नाहीत. काढला तर पहिला उपाय म्हणून त्यांनी स्वतःच शोधलेला असतो तो पाणी कमी करण्याचा.

पाण्याची काटछाट महागात पडते

बाहेर जायचे म्हणून पाणी न पिणे हा उपाय वरवर सोपा वाटतो, परंतु तो मूळ त्रास वाढवतो. पाणी कमी पडले की लघवी दाट होते. दाट लघवी मूत्राशयाला टोचते आणि जाण्याची इच्छा उलट लवकर होते. लघवी साचून राहिली की जंतूंची वाढ होण्यास वाव मिळतो. पाण्याअभावी मलावरोध होतो, आणि भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते. म्हणजे ज्या त्रासाला भिऊन पाणी सोडले, तोच त्रास पाणी सोडल्याने बळावतो.

याहून गंभीर गोष्ट अशी, की म्हातारपणी तहान लागण्याची जाणीवच मंदावते. शरीर कोरडे पडले तरी घसा सांगत नाही. मग उठताना चक्कर येते, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडण्यापर्यंत गोष्ट जाते. एप्रिल-मे महिन्यांतल्या उष्म्यात हा धोका अधिक असतो. वृद्धांमध्ये मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग नेहमी जळजळ किंवा ताप घेऊनच येतो असे नाही. एकाएकी गोंधळल्यासारखे बोलणे, जेवण सोडणे, सुस्ती येणे एवढीच लक्षणे दिसू शकतात. घरच्यांना वाटते, आजींना विसरण्याचा आजार सुरू झाला.

पाण्याखालोखाल काटछाट होते ती चालण्याची. फिरणे थांबले की साखर वाढते, स्नायू गळतात, झोप बिघडते. ओळखीची माणसे भेटेनाशी होतात आणि मन खचू लागते. एका बंद स्वच्छतागृहाचे परिणाम किती दूरवर जातात, हे यावरून ध्यानात यावे.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर अर्थातच तेच पाळावे. इतरांनी दिवसभरात थोडे थोडे करून सहा ते आठ पेले पाणी घ्यावे. लघवीचा रंग फिकट पिवळसर असणे ही पाणी पुरेसे असल्याची सोपी खूण आहे.

आपल्या गावाची मोजणी

आता घरातून बाहेर पडू. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कामवारी नदीकाठचा नदीनाका मागे टाकला की शेलार लागते. यंत्रमाग, सायझिंग आणि डाइंगचे कारखाने, त्यांभोवतीच्या खोल्यांच्या चाळी, रस्त्यावरची अवजड वाहतूक आणि त्यातच जुनी गावठाणाची वस्ती, असे हे शहराला खेटलेले गाव. दिसायला ते शहराचाच भाग वाटते. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा आहे.

शेलारमधील एखाद्या ज्येष्ठ दांपत्याचा महिना डोळ्यांसमोर आणा. निवृत्तिवेतनासाठी किंवा नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेची रांग. रेशन दुकानाची रांग. उपाशीपोटी रक्त देऊन, मग खाऊन, पुन्हा दोन तास प्रयोगशाळेबाहेर थांबणे. भिवंडीतील इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात नंबर लावून बसणे. कधी अंबाडीमार्गे वज्रेश्वरीला देवीचे दर्शन आणि गरम पाण्याच्या कुंडांवर स्नान. कधी मुलाकडे शहरात राहायला गेल्यावर कामतघरच्या वऱ्हाळादेवी तलावाकाठी फेरफटका. यातील प्रत्येक ठिकाणी तासभर तरी जातो. म्हणजे प्रत्येक ठिकाणी, किंवा तिथून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, स्वच्छतागृह हवे.

वाचकहो, एक छोटी मोजणी आपण स्वतः करून पाहा. आपल्या दारापासून नेहमीच्या ठिकाणांपर्यंत चालत जा आणि वहीत पाच गोष्टी टिपा: स्वच्छतागृह कुठे आहे, ते या क्षणी उघडे आहे का, आत पाणी आणि दिवा आहे का, पायऱ्या किती आहेत आणि बसण्याची सोय कोणत्या प्रकारची आहे. सकाळी सहा वाजता एकदा आणि रात्री आठ वाजता एकदा पाहा. बागेचे फाटक पहाटे उघडते, पण स्वच्छतागृहाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस दहा वाजता येतो, असे अनेक ठिकाणी घडते. फिरायला येणारे ज्येष्ठ तोवर घरी परतलेले असतात. इमारत बांधली गेली, तिची नोंदही झाली. ज्यांना गरज होती त्यांना मात्र तिचा उपयोग झाला नाही. आपल्या वहीतील ही नोंद पुढे फार कामी येते.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. सामुदायिक शौचालय हे ज्यांच्या घरात शौचालय नाही अशा वस्तीसाठी असते; सार्वजनिक स्वच्छतागृह हे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असते. चाळीच्या टोकाला शौचालय आहे म्हणून नाक्यावरची गरज भागत नाही, आणि नाक्यावर आहे म्हणून चाळीतल्या आजोबांची रात्रीची पायपीट टळत नाही. मागणी करताना या दोन्ही गरजा वेगळ्या मांडाव्यात.

एका मासिकाने मागितलेली दाद

ही मागणी म्हणजे कुणाची मेहरबानी मागणे आहे असे वाटत असेल, तर महाराष्ट्रातच घडलेली एक गोष्ट माहीत असायला हवी. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक अनेक घरांत वाचले जाते. शहरात स्त्रियांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे नाहीत या प्रश्नावर या मासिकाने पुणे महानगरपालिकेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहांची सोय ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील सन्मानाने जगण्याच्या हक्काशी जोडलेली आहे, आणि ती पुरवणे हे महानगरपालिकांचे बंधनकारक कर्तव्य आहे, असा त्याचा आशय आहे. न्यायालयाने राज्यातील सर्व महानगरपालिकांना यासाठी समित्या नेमून योजना आखण्याचे निर्देश दिले.

मुंबईत त्याआधी, २०११ मध्ये, ‘कोरो’ आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांनी ‘राइट टू पी’ नावाची मोहीम सुरू केली होती. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र त्याच कामासाठी पैसे, ही साधी विषमता त्यांनी सर्वांसमोर आणली. या मोहिमेतील मुमताज शेख यांचा २०१५ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत समावेश झाला. पुण्यात २०१६ मध्ये पीएमपीएमएलच्या जुन्या बसगाड्यांचे रूपांतर करून ‘ती’ या नावाने स्त्रियांसाठी फिरती स्वच्छतागृहे उभी राहिली. जागा नाही, या नेहमीच्या उत्तराला तो एक प्रत्यक्ष पर्याय होता.

या साऱ्या प्रयत्नांचा रोख प्रामुख्याने स्त्रियांच्या गरजेवर होता आणि तो योग्यच होता. परंतु त्यातून मिळालेले तत्त्व ज्येष्ठांनाही तेवढेच लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ३३ शहरांतील ज्येष्ठांशी बोलून वयस्नेही शहरांसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. स्वच्छ, सहज पोहोचता येतील अशी आणि ठळक पाटी असलेली सार्वजनिक स्वच्छतागृहे ही त्यातील एक अट आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही देशातील सर्व न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वच्छतागृहांची सोय करण्याचा आदेश दिला.

ज्येष्ठांना चालेल असे स्वच्छतागृह

स्वच्छतागृह असणे आणि ते वापरता येणे यांत अंतर आहे. तीन पायऱ्या, ओली फरशी आणि उकिडवे बसण्याचे भांडे एवढ्या गोष्टींनी ते सत्तरीतल्या माणसासाठी नसल्यासारखेच होते. मागणी करताना पुढील बाबी नेमक्या सांगाव्यात.

प्रवेश सपाट असावा; उतार करायचा तर एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी असावी. एका तरी खोलीचे दार चाकाची खुर्ची जाईल इतके, म्हणजे ९० सेंटिमीटर रुंद असावे आणि ते बाहेर उघडावे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही. त्या खोलीत कमोड असावा आणि त्याच्या बाजूला भिंतीत घट्ट बसवलेली आधाराची दांडी असावी. फरशी न घसरणारी असावी. काठी अडकवायला आणि पिशवी टांगायला खुंटी असावी, कारण काठी खाली ठेवली की ती उचलायला वाकावे लागते. नळ, दिवा, आणि संध्याकाळी बाहेरच्या वाटेवरही उजेड असावा. कडी अशी असावी, की थरथरत्या बोटांनाही ती लावता यावी.

याखेरीज एक गरज बहुधा कुणाच्या लक्षात येत नाही. मुलगा आईला घेऊन आला आहे, किंवा पत्नी पक्षाघात झालेल्या पतीला घेऊन आली आहे. अशा वेळी दोघांनी कोणत्या दारातून आत जायचे? पुरुषांच्या बाजूला बाई जाऊ शकत नाही आणि बायकांच्या बाजूला मुलगा जाऊ शकत नाही. म्हणून स्त्री-पुरुष भेद न ठेवलेली, सोबत्यासह वापरता येईल अशी एक स्वतंत्र खोली असावी. मोठ्यांचे डायपर बदलण्यासाठीही तीच उपयोगी पडते. तिथे झाकणाची कचरापेटी मात्र हवी.

कुणाकडे आणि कसे मागावे

भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या हद्दीतील बाजार, उद्याने, नाके यांबाबत मागणी महापालिकेकडे करावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मधील बंधनकारक कर्तव्यांत सार्वजनिक शौचालये आणि मुताऱ्या यांचा समावेश आहे. उच्च न्यायालयाच्या वरील निकालाचाही अर्जात उल्लेख करावा.

शेलारसारख्या गावासाठी वाट ग्रामसभेतून जाते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि त्यापूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. जो विषय पुरुषांसमोर बोलायला संकोच वाटतो, तो महिला सभेत मोकळेपणाने मांडता येतो आणि तिथला ठराव पुढे ग्रामसभेत नेता येतो. पुढील वर्षाच्या विकास आराखड्याचे काम साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्या वेळी मागणी नोंदली गेली तर तिच्यासाठी तरतूद होण्याची शक्यता वाढते.

पैशांचे उत्तरही तयार ठेवावे. स्वच्छ भारत मिशनच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात सामुदायिक स्वच्छता संकुलासाठी ३ लाख रुपयांपर्यंत खर्च धरला गेला असून त्यातील ७० टक्के मिशनमधून आणि ३० टक्के ग्रामपंचायतीने घालायचे, अशी वाटणी आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असाही नियम आहे; दांडी, उतार, कमोड यांसाठी तो दाखवता येतो.

मात्र बांधकामाच्या ठरावावर समाधान मानू नका. स्वच्छतागृह बंद पडते ते देखभालीअभावी. म्हणून ठरावातच चार प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत: किल्ली कुणाकडे आणि वेळ कोणती, पाण्याची जोडणी कुठून, वीजबिल कोण भरणार, आणि सफाई करणाऱ्या व्यक्तीचे वेतन, हातमोजे व साहित्य यांची तरतूद कोणती. सफाई कर्मचाऱ्याला वेळेवर पगार मिळत नसेल, तर आपल्याला स्वच्छ जागा मिळण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. ठरावाचे पुढे काय झाले हे कळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे.

नवे बांधकाम होईपर्यंत असलेल्या जागा खुल्या होऊ शकतात. जर्मनीतील आलेन या शहरात एक साधी पद्धत सुरू झाली आणि पुढे तिथल्या अनेक गावांनी ती उचलली. नगरपालिका उपाहारगृहांना दरमहा ठरावीक रक्कम देते, आणि ती उपाहारगृहे काही विकत न घेणाऱ्यालाही स्वच्छतागृह वापरू देतात; दारावर तशी खुणेची चिठ्ठी लावलेली असते. दक्षिण दिल्लीत २०१७ मध्ये तिथल्या महापालिकेने हॉटेले आणि उपाहारगृहांना, हवे तर ५ रुपयांपर्यंत शुल्क घेऊन, स्वच्छतागृहे सर्वांसाठी खुली करण्यास सांगितले होते. आपल्या गावातही औषधाचे दुकान, दवाखाना, मंदिर, मशीद, मंगल कार्यालय, शाळा यांपैकी पाच-सहा जणांनी ‘ज्येष्ठांसाठी स्वच्छतागृह उपलब्ध’ अशी पाटी लावली, तर महिन्याभरात चित्र बदलेल. ज्येष्ठ नागरिक संघाने शब्द टाकला तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नसावी.

तोवर आपण काय करावे

घरून निघण्यापूर्वी दोन तास पाणी बंद करण्याऐवजी सकाळपासून थोडे थोडे घ्यावे. चहा-कॉफीने लघवीची घाई वाढते, म्हणून बाहेर पडण्याच्या आधीचा चहा टाळावा. निघताना शांतपणे लघवी करून यावे. झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करावा, म्हणजे मूत्राशय अधिक रिकामे होते. पुरुषांनीही घरी बसून लघवी करणे हितकारक असते.

लघवी वाढवणाऱ्या गोळीचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो. दवाखान्याच्या किंवा प्रवासाच्या दिवशी तिची वेळ पुढे-मागे करता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. आपल्या मनाने गोळी चुकवू मात्र नये.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम स्त्री-पुरुष दोघांनाही उपयोगी आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात ते पाच सेकंद आवळावे, पाच सेकंद सैल सोडावे. श्वास रोखू नये. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. लघवी करत असताना हा व्यायाम करू नये. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून धीर सोडू नये. एकाएकी घाई लागली तर धावू नका. धावताना लघवी सुटते आणि पडण्याचाही धोका असतो. क्षणभर उभे राहून किंवा टेकून ते स्नायू चार-पाच वेळा आवळावे, लाट ओसरली की मग सावकाश चालावे.

पिशवीत एक जोड कपडे, छोटा टॉवेल, साबण, पाण्याची बाटली, प्लास्टिकची पिशवी आणि गरज असल्यास डायपर ठेवावा. पेट्रोल पंपावर ग्राहकांसाठी विनामूल्य स्वच्छतागृह असावे लागते. स्वतःच्या गाडीने जाताना इंधन भरण्याचा थांबा त्याप्रमाणे ठरवावा. ज्यांच्या घरात शौचालय नाही त्यांनी रात्रीसाठी खाटेजवळ झाकणाचे भांडे किंवा कमोडची खुर्ची ठेवण्यात कमीपणा मानू नये. अंधारात घसरून पडण्यापेक्षा ते केव्हाही श्रेयस्कर.

सोबत असणाऱ्यांसाठी

मुलगा असो, मुलगी असो वा सूनबाई, सोबत जाणाऱ्याने सर्वांत आधी एक शब्द टाळावा, तो म्हणजे ‘परत?’ आत्ताच तर जाऊन आलात, या एका वाक्याने आई किंवा सासरे पुढच्या वेळी बाहेर पडायलाच नकार देतात. त्याऐवजी कुठेही पोहोचल्यावर पहिल्यांदा स्वच्छतागृह कुठे आहे ते आपण पाहून यावे आणि हळूच सांगावे. चारचौघांत मोठ्याने विचारू नये.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला जाणीव सांगता येत नाही. चुळबुळ, कपडे ओढणे, उठबस करणे या खुणा ओळखाव्यात आणि दर दोन तासांनी स्वतःहून नेऊन आणावे. डायपर हा प्रवासातला आधार आहे. तो आहे म्हणून नेण्याचे सोडू नये आणि ओला होताच बदलावा. आणि सेवा करणाऱ्यांनी स्वतःचीही लघवी रोखून धरू नये. रुग्णाला एकटे सोडता येत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या सुना आणि लेकी थोड्या नाहीत. वीस वर्षांनी त्यांचाच क्रम येणार असतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

लघवीतून रक्त गेल्यास, लघवी अडून पोट फुगल्यास, थंडी वाजून ताप आल्यास किंवा एकाएकी गोंधळलेपणा आल्यास त्याच दिवशी जावे. रात्री दोनपेक्षा अधिक वेळा उठावे लागत असेल, घाईमुळे कपडे ओले होत असतील किंवा धार बारीक झाली असेल, तर पुढच्या भेटीत हा विषय पहिल्यांदा काढावा. जाण्याआधी तीन दिवस किती पाणी प्यालो आणि किती वेळा जावे लागले याची नोंद ठेवली, तर डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते.

पुढची ग्रामसभा केव्हा आहे, हे आजच ग्रामपंचायतीच्या फलकावर पाहून ठेवा. तोवर वहीतली मोजणी पूर्ण करा आणि शेजारच्या दोन ज्येष्ठांना सोबत घ्या. एकट्याने मागताना जो संकोच वाटतो तो तिघांत उरत नाही. आणि सभेला निघताना पाणी पिऊन निघा.